पाटणचा मठ आणि चार कोटी अंकांची संख्या

हिवाळ्यात जळगावच्या बाजारात मेहरूणची बोरे येऊ लागली, की गणिताच्या शिक्षकाला स्वस्तात शैक्षणिक साहित्य मिळते. बारा बोरे घेतली तर ती चार-चारच्या तीन ओळींत किंवा सहा-सहाच्या दोन ओळींत नीट बसतात. एकसष्ट बोरे घेतली तर मात्र एका लांबलचक ओळीखेरीज दुसरा कोणताही आयत जमत नाही. कारण ६१ ही मूळ संख्या आहे. मूळ संख्येची ओळख मुलांना याहून सोप्या रीतीने करून देता येईल असे आम्हांला वाटत नाही.

आता त्याच बोरांनी दुसरा खेळ करू. एकसारखे तीन चौरस मांडायचे, त्यांत एक जादा बोर मिसळायचे आणि सगळ्यांचा मिळून एकच मोठा चौरस करायचा. एका-एका बोराचे तीन 'चौरस' घेतले तर ३ + १ = ४, म्हणजे दोन-दोनचा चौरस झाला. चार-चारचे तीन चौरस घेतले तर ४८ + १ = ४९, म्हणजे सात-सातचा. तीनऐवजी एकसष्ट चौरस घेतले तर? सर्वांत लहान उत्तर असे आहे: प्रत्येक लहान चौरसाची बाजू २२,६१,५३,९८० आणि मोठ्या चौरसाची बाजू १,७६,६३,१९,०४९. एवढी बोरे मेहरूणच्या शिवारात तर नाहीतच, साऱ्या पृथ्वीवरही मिळायची नाहीत.

पहिला खेळ ओळींचा आहे आणि दुसरा चौरसांचा. वरवर पाहता दोहोंचा काही संबंध दिसत नाही. परंतु आज प्रचंड मोठी संख्या मूळ आहे की नाही, म्हणजे पहिल्या खेळातला प्रश्न, दुसऱ्या खेळातील हिशेबाने सोडवला जातो. आणि तो हिशेब आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील एका मठात शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. या दोन टोकांमधला धागा आपण या लेखात पाहू.

पाटणचा शिलालेख

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे स्थान आहे. पाटणादेवी म्हणून ते सर्वांना ठाऊक असते. तेथील देवळातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. लेख इ.स. १२०७ चा आहे. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आली आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचे व घराण्यातील इतर ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने येथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले.

या लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. शिक्षकांनी तो भाग मुद्दाम लक्षात ठेवावा. मठाचा खर्च कसा चालावा याची तरतूद त्यात आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला द्यावा, गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या घ्याव्यात, चालू असलेल्या प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशा त्या नेमणुका आहेत. गणित-ज्योतिषाच्या अध्ययनाचा भार घाण्यावरचा तेली आणि बाजारातला वाणी यांनी थोडा थोडा उचलला होता, हे त्या दगडावर कोरलेले आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. सिद्धांतशिरोमणी त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये पुरा केला. त्यांचे जन्मगाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यांचे ग्रंथ शिकण्यासाठी पाटणला मठ होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे सिद्धांतशिरोमणीचे चार भाग. आपला चौरसांचा खेळ यांपैकी बीजगणितात आहे. तेथे त्याचे नाव 'वर्गप्रकृती'.

वर्गप्रकृती आणि भावना

लहान चौरसांची संख्या म्हणजे 'प्रकृती'. लहान चौरसाची बाजू 'कनिष्ठ', मोठ्या चौरसाची बाजू 'ज्येष्ठ' आणि जादा मिसळायची संख्या 'क्षेप'. म्हणजे

प्रकृती × कनिष्ठाचा वर्ग + क्षेप = ज्येष्ठाचा वर्ग.

प्रकृती ३ व क्षेप १ असताना कनिष्ठ १, ज्येष्ठ २ हे एक उत्तर आपल्याला मिळाले आहे. एका उत्तरावरून दुसरे कसे काढायचे? याची युक्ती ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात दिली. तिचे नाव 'भावना'. दोन उत्तरे एकाखाली एक मांडायची. कनिष्ठ आणि ज्येष्ठ यांचे तिरपे गुणाकार करून बेरीज केली की नवा कनिष्ठ मिळतो. कनिष्ठांच्या गुणाकाराला प्रकृतीने गुणून त्यात ज्येष्ठांचा गुणाकार मिळवला की नवा ज्येष्ठ मिळतो. नवा क्षेप हा दोन्ही क्षेपांचा गुणाकार असतो. एकच उत्तर दोनदा घेऊन भावना केली तर ती 'तुल्यभावना'.

(कनिष्ठ १, ज्येष्ठ २) याची तुल्यभावना करू. तिरपे गुणाकार १ × २ + १ × २ = ४. नवा ज्येष्ठ ३ × १ × १ + २ × २ = ७. हे तेच ४ आणि ७, जे वर बोरांत आले होते. पुन्हा तुल्यभावना केली की ५६ आणि ९७. आणखी एकदा केली की १०,८६४ आणि १८,८१७. क्षेप मात्र प्रत्येक वेळी १ च राहतो, कारण १ गुणिले १ म्हणजे १.

क्षेप १ असताना नवा ज्येष्ठ काढायला कनिष्ठाची गरजही उरत नाही. प्रकृती × कनिष्ठाचा वर्ग म्हणजे ज्येष्ठाच्या वर्गातून एक वजा. म्हणून नवा ज्येष्ठ = जुन्या ज्येष्ठाच्या वर्गाची दुप्पट वजा १. दोनाच्या वर्गाची दुप्पट ८, वजा १ म्हणजे ७. सातच्या वर्गाची दुप्पट ९८, वजा १ म्हणजे ९७. हा लहानसा नियम पुढे लागणार आहे.

एकसष्टचे कोडे

प्रकृती ६१ साठी असे सहज हाती येणारे पहिले उत्तर नाही. येथे चक्रवाल पद्धत उपयोगी पडते. या पद्धतीविषयी जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक १०७३ मधील एका टीकेत सापडतात, म्हणजे ती भास्कराचार्यांच्या आधीची आहे. बीजगणितात भास्कराचार्यांनी ती व्यवस्थित मांडली आणि उदाहरणासाठी नेमकी ६१ ही संख्या घेतली.

आरंभी क्षेप वाटेल तो चालतो. ६१ × १ + ३ = ६४, म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. चक्रवालाच्या एका फेरीत यावरून कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप −४ मिळतो. पडताळा घ्या: ६१ × २५ = १५२५, वजा ४ म्हणजे १५२१, आणि तो ३९ चा वर्ग आहे. क्षेप −४ आला की कनिष्ठ-ज्येष्ठांना २ ने भागून क्षेप −१ करता येतो. मग भावनांनी अपूर्णांक घालवून कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप −१ मिळतो. शेवटी एक तुल्यभावना केली की क्षेप +१ होतो आणि वरची नऊ व दहा अंकी उत्तरे समोर येतात. सारे काम काही ओळींत आटोपते.

१६५७ मध्ये फ्रान्समधील फर्माने युरोपातील गणितज्ञांना हाच प्रश्न आव्हान म्हणून घातला आणि त्यानेही ६१ हीच प्रकृती निवडली. भास्कराचार्यांचे पुस्तक त्याच्यासमोर होते असे मानायला आधार नाही. शंभरच्या आतील प्रकृतींत सर्वांत मोठे उत्तर ६१ चे येते, तेव्हा कोडे घालणाऱ्याला ती संख्या आकर्षक वाटावी हे साहजिकच आहे. इंग्लंडमध्ये ब्राउंकर व वॉलिस यांनी रीत शोधली, लाग्रांजने पुढे अठराव्या शतकात उत्तर नेहमी असतेच हे सिद्ध केले आणि ऑयलरच्या एका गैरसमजामुळे समीकरणाला पेलचे नाव चिकटले. बीजगणिताचे कोलब्रुकने केलेले इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे ही जुनी उत्तरे युरोपातील अभ्यासकांच्या सहज हाती आली.

येथे मूळ संख्येचा एक गुणधर्मही डोकावतो. क्षेप −१ हवा असेल तर प्रकृती दोन वर्गांची बेरीज असावी लागते, असे भास्कराचार्य सांगतात. ६१ = २५ + ३६ असल्याने तेथे ते जमले. कोणत्याही वर्गाला ४ ने भागले तर बाकी ० किंवा १ उरते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येत नाही. ज्या मूळ संख्यांची बाकी १ येते, त्या मात्र सर्व दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येतात. हे फर्माने सांगितले आणि ऑयलरने सिद्ध केले. भास्कराचार्यांनी मूळ संख्यांचा असा वेगळा विचार केलेला नाही.

मोठ्या मूळ संख्यांचा शोध

एखादी संख्या मूळ आहे का हे पाहण्याची शाळेतील रीत म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे. ६१ साठी २, ३, ५ आणि ७ पुरतात. परंतु संख्या चाळीस अंकी झाली की वीस अंकी संख्यांपर्यंत भागत जावे लागेल, आणि त्याला आयुष्य पुरणार नाही. तेव्हा मोठ्या संख्यांसाठी भागाकार टाळणारी कसोटी हवी.

अशी कसोटी एका विशिष्ट घाटाच्या संख्यांना मिळाली. २ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ३, ७, १५, ३१, ६३, १२७ अशा संख्या मिळतात. घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त असते. घातांक मूळ असेल तर संख्या मूळ असू शकते, पण असेलच असे नाही. उदाहरणार्थ, २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. फ्रेंच धर्मोपदेशक मर्सेन याने १६४४ मध्ये अशा संख्यांची यादी दिली, म्हणून त्यांना मर्सेन संख्या म्हणतात. त्या यादीत चुका होत्या, पण नाव राहिले. १७७२ मध्ये ऑयलरने २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही मूळ असल्याचे दाखवले. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर ल्यूकाने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, आणि तेही हाताने हिशेब करून.

ल्यूकाची कसोटी १९३० च्या सुमारास अमेरिकेतील डी. एच. लेमरने सुटसुटीत केली. ती अशी: ४ पासून सुरुवात करा. संख्येचा वर्ग करा आणि २ वजा करा. उत्तराला मर्सेन संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. हे काम घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा करा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त.

३१ साठी करून पाहू. घातांक ५, म्हणून तीन वेळा करायचे. ४ वरून १४. १४ वरून १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. तेव्हा ३१ मूळ. २०४७ साठी नऊ वेळा केले तर बाक्या १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६ अशा येतात. शून्य आले नाही, म्हणून २०४७ संयुक्त. तिचे अवयव कोणते हे मात्र कसोटी सांगत नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संयुक्त आहे हे ल्यूकाने १८७६ मध्येच दाखवले होते. अवयव मिळायला १९०३ साल उजाडले. फ्रँक कोल यांनी न्यूयॉर्कच्या सभेत काही न बोलता फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून दाखवला आणि ते खाली बसले.

कसोटीत लपलेली भावना

आता ४, १४, १९४ या संख्यांकडे नीट पाहा. त्यांच्या निम्म्या करा: २, ७, ९७. हे प्रकृती ३ चे, तुल्यभावनेने मिळालेले ज्येष्ठ आहेत! 'ज्येष्ठाच्या वर्गाची दुप्पट वजा १' हा आपला नियम ज्येष्ठाच्या दुपटीला लावला की 'वर्ग करा आणि २ वजा करा' असाच होतो. म्हणजे लेमरची कसोटी करताना आपण (१, २) या जोडीची पुन्हा पुन्हा तुल्यभावना करीत असतो. बोरांच्या तीन चौरसांचाच तो खेळ आहे.

पण या खेळाने संख्या मूळ का ठरावी? १९९३ मध्ये जे. डब्ल्यू. ब्रूस यांनी याची फार थोडक्या शब्दांत सिद्धता दिली. तिचा आशय नववी-दहावीच्या मुलांनाही समजेल असा आहे, म्हणून तो आपल्या भाषेत मांडतो.

सात या संख्येपासून सुरू करू. (कनिष्ठ १, ज्येष्ठ २) या जोडीशी एकदा, दोनदा, तीनदा भावना करीत जायचे आणि दर वेळी ७ ने भागून बाक्या ठेवायच्या. जोड्या अशा येतात: (१, २), (४, ०), (१, ५), (०, ६), (६, ५), (३, ०), (६, २), (०, १). आठव्या जोडीला, म्हणजे कनिष्ठ ० व ज्येष्ठ १ ला आलो की चक्र पुरे झाले. या जोडीशी भावना केल्याने काहीच बदलत नाही. गुणाकारात १ चे जे स्थान तेच येथे तिचे. चक्रात आठ वेगवेगळ्या जोड्या आल्या, ७ पेक्षा एक जास्त.

आता कोणतीही मर्सेन संख्या घ्या. कसोटीत शेवटी शून्य आले, तरीही ती संयुक्त आहे असे समजू. मग तिचा असा एक मूळ विभाजक असणार, की ज्याचा वर्ग त्या संख्येपेक्षा मोठा नाही. सर्व बाक्या या विभाजकाने काढू. शेवटी ज्येष्ठ शून्य झाला आहे. आणखी एक तुल्यभावना केली की कनिष्ठ ० व ज्येष्ठ −१ होतो, आणि त्यानंतर एक केली की कनिष्ठ ० व ज्येष्ठ १. चक्र पुरे झाले. दर तुल्यभावनेला पावले दुप्पट होतात, म्हणून ही पावले २ चा तो घात इतकी, म्हणजे मर्सेन संख्येपेक्षा एकने जास्त झाली. चक्र याआधी पुरे होऊ शकत नाही, कारण निम्म्या वाटेवर ज्येष्ठ १ नसून −१ होता. म्हणजे चक्रात मर्सेन संख्येपेक्षा एक जास्त इतक्या वेगवेगळ्या जोड्या हव्यात. पण विभाजकाच्या बाक्यांच्या जोड्या असून असून किती? विभाजकाच्या वर्गाइतक्या, आणि तो तर मर्सेन संख्येपेक्षा मोठा नाही. जोड्या जास्त आणि जागा कमी असे होऊ शकत नाही. म्हणून संख्या मूळच असली पाहिजे. उलट बाजू, म्हणजे संख्या मूळ असेल तर शून्य येतेच, ही सिद्ध करायला थोडे अधिक गणित लागते. ते येथे सोडून देतो.

१९५२ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'स्वॅक' संगणकावर राफेल रॉबिन्सनने हीच कसोटी चालवून एका वर्षात पाच नव्या मर्सेन मूळ संख्या मिळवल्या. १९९६ पासून जगभरातील हौशी लोक आपापले संगणक जोडून हा शोध घेत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट याला मिळालेली संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तोवर माहीत झालेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानावर दोन हजार अंक छापले तरी वीस हजारांहून अधिक पाने लागतील. आधी दुसऱ्या एका जलद चाचणीने ती मूळ असावी असे दिसले, आणि मग ल्यूका-लेमर कसोटीने शिक्कामोर्तब झाले. म्हणजे आपली 'वर्ग करा, २ वजा करा' ही क्रिया तेरा कोटींहून अधिक वेळा झाली.

श्रेय कोणाचे?

येथे एक सावधगिरी हवी. 'भास्कराचार्यांना मूळ संख्यांची कसोटी ठाऊक होती' असे वर्गात सांगण्याचा मोह होईल. ते खरे नाही. वर्गप्रकृतीच्या प्रकरणात मूळ संख्यांचा प्रश्नच नाही. ल्यूकानेही आपली कसोटी वेगळ्या वाटेने शोधली. बाक्यांच्या जोड्यांचे चक्र आणि विभाजक यांचा संबंध हा त्याचा आणि त्याच्या काळच्या युरोपीय गणिताचा विचार आहे.

मग पाटणच्या मठाचे श्रेय कोणते? एका उत्तरावरून दुसरे घडवणारी क्रिया ब्रह्मगुप्ताने शोधली, जयदेव-भास्करांनी ती चक्रवालात गुंफली आणि चांगदेवासारख्यांनी ती पुढच्या पिढीला शिकवण्याची सोय केली. त्या क्रियेचा उपयोग पुढे कशाला होईल हे त्यांतील कोणालाच ठाऊक नव्हते. घाण्यामागे पळीभर तेल देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. उपयोग दिसत नसताना एखादी चांगली रीत जपणे आणि शिकवणे हेही गणिताच्या इतिहासातील काम आहे, आणि शाळेतला शिक्षक रोज तेच करतो. आमच्या मते खोट्या अभिमानापेक्षा ही खरी गोष्ट मुलांना अधिक देऊन जाईल.

वर्गात करण्यासाठी

एक, ल्यूक ड्युरंटच्या संख्येचे शेवटचे दोन अंक मुलांकडून काढून घ्या. २ च्या दुसऱ्या घातापासून शेवटचे दोन अंक दर वीस घातांनी पुन्हा तेच येतात. घातांक १३,६२,७९,८४१ ला २० ने भागून बाकी १ उरते, म्हणून २१ व्या घाताकडे, म्हणजे २०,९७,१५२ कडे पाहायचे. ५२ वजा १ म्हणजे ५१. चार कोटी अंकांच्या संख्येची शेपटी अशी कागदावर मिळते.

दोन, याच संख्येला ४ ने भागले तर बाकी किती, आणि त्यावरून ती दोन वर्गांची बेरीज असू शकेल का, हे विचारा.

तीन, २ चा १३ वा घात वजा १, म्हणजे ८१९१, ही मूळ आहे का ते कसोटीने ठरवा. अकरा वेळा वर्ग करावा लागेल, तेव्हा वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला एक-दोन पायऱ्या वाटून द्या. सातव्या पायरीला ३६ आणि दहाव्या पायरीला १२८ बाकी आली, तर हिशेब बरोबर चालला आहे असे समजावे. अकरावी पायरी मुलांनीच करावी.